टर्कीचा हिशेब आहे, तित्तराचं काय?

माझा चुलतभाऊ अमेरिकेत मिसुरीला असतो. तिथे एप्रिल-मेमधली रानटर्कीची शिकार म्हणजे घरचा कार्यक्रमच. पुतणी पहाटे आईकडच्या अमेरिकन आजोबांसोबत झाडाला टेकून बसते. आजोबा मादीचा आवाज काढतात, लांबून नर ओ देतो. माद्यांचा अंडी घालायचा हंगाम, म्हणून मारायचा तो नरच. परवाना हवा आणि नोंद त्याच दिवशी.

शिकार पटो न पटो, हिशेब बघा. बेसुमार शिकार आणि जंगलतोडीने तिथली टर्की संपत आली होती. बंदी घातली, पक्षी धरून दुसऱ्या जंगलांत सोडले. 1960ला शिकार पुन्हा उघडली ती फक्त तीन दिवस. मारले गेले 94 पक्षी. 1937च्या कायद्यापासून रायफल-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठीच वापरतात.

आपल्याकडे 1972च्या कायद्याने तित्तर मारणं गुन्हा आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. पण आमच्या माळावर फासे अजून सापडतात. पोराला तित्तराची हाक मोबाईलवर ऐकवावी लागते. तालुक्यात तित्तर किती, असं विचारलं तर साहेब नुसते हसले.

जे मोजलंच नाही, ते संपलं तरी कळणार कसं? निदान यंदा मोजा तरी!