झिव्हर्नीच्या सुड्या

मळणीपूर्वी शेतात रचलेली सुडी तुम्ही-आम्ही सारेच पाहतो. अवकाळी यायच्या आत ती खळ्यावर पडावी, एवढीच आपल्याला काळजी. तिच्याकडे दिवसच्या दिवस टक लावून बसलेला माणूस दिसला तर आपण त्याला रिकामटेकडा म्हणू. असा एक माणूस फ्रान्समधल्या झिव्हर्नी गावात होऊन गेला. नाव क्लोद मोने, जन्म १८४० चा, धंदा निसर्गचित्रे काढण्याचा.

पॅरिसहून आगगाडीने व्हेर्नाँला उतरावे, सीन नदी ओलांडावी, की पाचेक किलोमीटरवर झिव्हर्नी लागते. एका अंगाला टेकडी, समोर ओलसर कुरणे, आणि जवळच एप्ट ही लहान नदी सीनला मिळते. मोने १८८३ मध्ये येथे भाड्याने राहायला आला आणि १८९० मध्ये ते घर त्याने विकत घेतले. त्याच सुमारास शेजारच्या शेतातल्या सुड्या त्याने रंगवायला घेतल्या.

इंग्रजी पुस्तकांत या चित्रांना गवताच्या गंजी म्हटलेले आढळते. ते बरोबर नव्हे. त्या गव्हाच्या पेंढ्यांच्या सुड्या होत्या, दाण्यासकट. उंची पंधरा-वीस फूट, घेर गोल, ओंब्या आत आणि बुडखे बाहेर, माथ्यावर काडाने शाकारलेले टोकदार छप्पर. मळणीयंत्र गावोगाव फिरे. आपली पाळी येईपर्यंत सुडी हिवाळाभर, कधी मार्चपर्यंतही, शेतातच उभी राही. तेव्हा रचणारा गडी कसबी हवा. छपराचा उतार चुकला तर पाणी आत शिरून दाण्याला मोड यायचे. वर्षाची भाकरी त्या छपराखाली असे, हे चित्र पाहताना ध्यानात ठेवा.

पाळी लांबण्याचा फायदा मोनेला झाला. उन्हाळ्याच्या अखेरीपासून बर्फ पडेपर्यंत त्याच सुड्या त्याला समोर मिळाल्या. पहाटे उठून तो आधी आभाळ पाही, अगदी आपल्यासारखे. मग एक नव्हे, अनेक कॅनव्हास घेऊन शेतात जाई. ऊन बदलले की हातातले चित्र बाजूला आणि त्या उन्हाचे दुसरे पुढे. सावत्र मुलगी ब्लँश, जी स्वतः चित्रकार होती, हातगाडीवरून त्याचे सामान वाही. शेजारी राहिलेल्या लिला पेरी या अमेरिकन चित्रकर्तीने लिहून ठेवले आहे की, एका चित्रातला प्रकाश फक्त सात मिनिटे टिके. तेवढी मिनिटे संपली की ते चित्र दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. आभाळ भरून आले तर तेही नाही. मनाजोगा न उतरलेला कॅनव्हास तो सरळ फाडून टाकी.

सगळे काम उघड्यावरच होई, असा मात्र समज नको. थंडीच्या दिवसांत तो कॅनव्हास रंगशाळेत शेजारी शेजारी मांडी आणि एकाशी दुसरे जुळवीत पुन्हा हात फिरवी. सुड्यांची अशी पंचवीसच्या आसपास चित्रे झाली. त्यांतली पंधरा मे १८९१ मध्ये पॅरिसला मांडली आणि थोड्याच दिवसांत विकली गेली. त्याच मालिकेतले एक चित्र २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११ कोटी डॉलरच्या वर गेले. त्या शेतातल्या साऱ्या गव्हाचे किती झाले असतील, हिशेब तुम्हीच करा.

१८९१ मध्ये त्याने एप्टकाठची पॉप्लरची रांग घेतली. चित्रे अर्धी असतानाच लिमेत्झ गावाने ती झाडे लिलावात काढली. मोनेने मेयरला थांबण्याची विनंती केली, ती नाकारली गेली. मग त्याने लाकूड-व्यापाऱ्याला गाठले : ठरल्या रकमेच्या वर बोली गेली तर वरचे पैसे माझे, पण काम होईस्तोवर कुऱ्हाड लावू नका. तसेच झाले. गावाचे काही चुकले असे मला वाटत नाही. पॉप्लर लावला होता तो लाकडासाठीच.

खरा तंटा पाण्याचा झाला. १८९३ मध्ये रूळांपलीकडची जमीन घेऊन मोनेने कमळतळ्यासाठी एप्टच्या फाट्याचे पाणी वळवायला परवानगी मागितली. गावकरी उठले. खालच्या अंगाला बाया धुणी धूत, गुरे पाणी पीत. परदेशी रोपांनी पाणी विषारी होईल अशी त्यांना धास्ती. पुस्तके लिहिणारे याला हसतात. मला हसू येत नाही. वरच्याने पाट वळवला की खालच्याने विचारायचेच असते. मोनेने प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याकडे, पत्रे लिहिली आणि परवानगी मिळवली. रोपांनी पाणी विषारी झाले नाही. १९२६ मध्ये वारला तोवर तो त्या कमळांचीच चित्रे काढीत राहिला.

ते घर आणि बाग १९८० पासून लोकांना पाहता येते, एप्रिलपासून नोव्हेंबर लागेपर्यंत. कधी जाणे झालेच तर तळे बघा. सुड्या शोधू नका. तिकडचा गहू आता कंबाईन कापतो आणि तिथेच मळतो.