जरा इकडे बघा!

वीस वर्षे फळ्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस एके रविवारी सकाळी फळ्याकडे तोंड करून बसला, की त्याला पहिली गोष्ट कळते ती ही, की शाळेतले बाक फार अरुंद असतात. दुसरी अशी, की शिकवणाऱ्याने फळ्याकडे वळताच शेजाऱ्याशी बोलावेसे वाटणे हा मनुष्याचा स्वभावधर्म आहे. त्यात विद्यार्थ्यांचा काही दोष नाही. फोटोग्राफीच्या प्राथमिक वर्गात नाव घातले तेव्हा हे ज्ञानही पदरात पडेल याची मला कल्पना नव्हती. फी मात्र तेवढीच होती.

वर्ग आमच्या पुण्यातल्याच एका शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भरे. आठ रविवार, सकाळी सात ते दहा. विद्यार्थी चौदा. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलाने परदेशातून पाठवलेला कॅमेरा दोन वर्षे कपाटातच होता, आणि आता मुलगा सुट्टीवर येणार म्हणून त्याच्याशी ओळख करून घेणे भाग होते. दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. अंधाऱ्या जागी उजेड पाडून डोकावण्याची त्यांना सवयच. इंजिनिअरिंगची दोन मुले होती. त्यांना सगळे आधीच ठाऊक होते. आणि एक गृहिणी नुसता मोबाइल घेऊन आल्या होत्या. आमच्यापैकी सर्वांत चांगले फोटो त्यांचेच येतात, हे तिसऱ्या रविवारी सर्वांनी मोठ्या मनाने मान्य केले. शिकवणारे गृहस्थ पन्नाशी उलटलेले, उमेदीची सारी वर्षे लग्नामुंजींचे फोटो काढण्यात घालवलेले. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत, आणि माझा पेशा कळल्यावर मलाही ‘सर’ म्हणू लागले. एका वर्गात दोन सर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण त्यातली एक अगदीच बोथट असल्यामुळे निभावले.

“हल्ली फोन काढतो की फोटो! त्यात शिकायचे काय?” असे हिने विचारले होते. प्रश्न वाजवी होता. पण या मुलखात असा वर्ग ही काही आजची टूम नव्हे. दागेरची युक्ती जगाला कळली १८३९ साली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली, आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये हा विषय चक्क वर्गात शिकवायला सुरुवात झाली. पुढे मुंबईत नावारूपाला आलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा एका डॉक्टरने कॅमेरा उचलावा आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या शेजारच्या बाकावर बसावे, यात परंपराच राखली गेली, असे मी हिला सांगितले. “आणि मराठीच्या प्राध्यापकांची परंपरा?” असे तिने विचारले. असो.

पहिले दोन रविवार गणितात गेले. भिंगाच्या पाठीमागे एक भोक असते. ते लहानमोठे करता येते. एवढे सोपे. पण आकडा लहान तर भोक मोठे आणि आकडा मोठा तर भोक लहान, हा काय न्याय? एफ २ म्हणजे सताड उघडे दार आणि एफ १६ म्हणजे किलकिले! बँकवाले गृहस्थ यावर फार रागावले. सरांनी शांतपणे सांगितले, की हा आकडा नव्हे, हा छेद आहे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दोनने भागा, पंचवीस मिलिमीटरचे भोक आले. सोळाने भागा, जेमतेम तीन मिलिमीटरचे. एका पोळीचे दोन वाटे केले तर वाटा मोठा, सोळा केले तर लहान. यावर मोबाइलवाल्या बाई म्हणाल्या, “मग सरळ असे सांगा ना!” २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही पायरी त्या दिवशी मी पाढ्यासारखी पाठ केली. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. जेवढे भोक लहान कराल तेवढा वेळ जास्त द्यावा लागतो. नाहीतर आयएसओ वाढवून कॅमेऱ्याला थोडक्या उजेडावर भागवायला लावावे लागते. महिनाअखेरीला घरखर्च चालवणाऱ्या कोणालाही हे शास्त्र परके वाटू नये.

खरी गंमत तिसऱ्या रविवारी झाली. सरांनी एक पांढरा टॉवेल, एक काळी छत्री आणि एक शाळेची पाटी आणली, आणि कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडून प्रत्येकाचा चौकटभर फोटो काढायला लावला. तिन्ही फोटो जवळजवळ एकाच रंगाचे! टॉवेल मळका करडा, छत्री उडालेली करडी आणि पाटीही करडीच. कॅमेरा कितीही हुशार झाला तरी त्याची मूळ समजूत अशी, की जग सरासरीने मध्यम करडे असते. पांढरे दिसले की तो उजेड कमी करून ते करड्यावर आणतो, काळे दिसले की वाढवून. म्हणून पांढऱ्याला उजेड वाढवून द्यायचा, काळ्याला घटवायचा. “कॅमेऱ्याला टॉवेल ठाऊक नाही,” सर म्हणाले. “तुम्हाला ठाऊक आहे. तेवढे त्याला सांगायचे.” उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना पन्नासपैकी सत्तावीसच्या आसपास घोटाळणारे माझे काही सहकारी त्या क्षणी मला आठवले, पण ते इथे नको.

भाषेच्या माणसाची खोड जात नाही. सर आयएसओ समजावीत असताना मी वहीच्या समासात शब्द लिहीत होतो. या कलेला आपण ‘प्रकाशचित्र’ही म्हणतो आणि ‘छायाचित्र’ही, एकाच वस्तूला उजेडाचे आणि सावलीचे अशी दोन्ही नावे. आणि क्रियापद? इंग्रज फोटो घेतो, हिंदी माणूस खेचतो, गुजराती पाडतो. आपण काढतो. रांगोळी काढावी तसा काढतो, की विहिरीतून पाणी काढावे तसा, की पायातला काटा काढावा तसा? ‘आठवण काढणे’ हेही याच घरातले. सरांनी माझ्या वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “सर, तुमचा शटर किती?”

चौथ्या रविवारी वर्ग महात्मा फुले मंडईत भरला. १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली ही दगडी इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा मी जन्मभर पाहत आलो. पण पिशवी हातात असली की माणूस वर पाहत नाही. सकाळी सातला तिथे उजेड सगळीकडे सारखा नसतो; उंचावरून तिरपा उतरतो आणि एका गाळ्याला न्हाऊ घालून शेजारच्याला वगळतो. सरांची अट एकच होती : आधी बोला, मग विचारा, मग काढा, आणि पुढच्या रविवारी फोटोची प्रत नेऊन द्या. एक आजीबाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या. “काय हो भाऊ,” त्या म्हणाल्या, “जुडी घेणार, का नुसताच फोटू?” मी चार जुड्या घेतल्या. मग त्यांनी माझ्यासाठी पुन्हा पुन्हा पाणी शिंपडले. सेकंदाच्या तिसाव्या भागात पाण्याच्या रेघा येत. हजाराव्या भागात एकेक थेंब हवेत मोत्यासारखा अडकून राही. पुढच्या रविवारी प्रत दिली, तेव्हा ती दूर धरून त्यांनी निरखली आणि “लई म्हातारी दिसतीया,” एवढे बोलून गल्ल्याच्या डब्यात ठेवली. घरी चार दिवस कोथिंबिरीच्या वड्या झाल्या.

आता मी या वर्गाला का गेलो ते सांगायला हरकत नाही. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेली दोनतीन वर्षे दिवाळी जवळ आली, फराळाचे डबे भरून झाले, की ती सहज म्हणते, “माझा एक बरासा फोटो काढून ठेव रे.” आपल्या घरांतून याचे कारण कोणी विचारत नाही. वडील २०११ साली गेले, तेव्हा आम्ही रात्रभर अल्बम उलथेपालथे करीत होतो. शेवटी १९९८ सालच्या एका मुंजीतल्या घोळक्यातून त्यांना कापून काढले. स्टुडिओवाल्याने पाठीमागे निळे आभाळ भरून दिले. पण डाव्या कोपऱ्यात कोणाचा तरी खांदा आणि मरून काठाची एक पट्टी राहिली ती राहिलीच. चंदनी हाराखाली ती अर्धीमुर्धी झाकते.

आईचे फोटो फोनमध्ये शोधले. आमच्या फोनांत हजारो फोटो आहेत, आणि आई त्यांतून नुसती जाते-येते आहे. चकल्यांच्या ताटामागे अर्धी, करंज्या तळताना पाठमोरी, कोणाच्या तरी वाढदिवसाला कडेला डोळे मिटलेली, नाहीतर हात आडवा धरून “माझा नको” म्हणणारी.

सहाव्या रविवारनंतर मी तिला उत्तरेच्या खिडकीशी खुर्ची मांडून दिली. या खिडकीतून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो चेहऱ्यावर सावकाश पसरतो. साडी मोतिया रंगाची, तेव्हा उजेड थोडा वाढवून दिला. चष्म्यात खिडकी चमकत होती. त्याच्या दांड्या कानांवर किंचित वर उचलल्या, भिंगे जराशी खाली कलली आणि चकाकी गेली. ही सरांची लग्नसमारंभातली युक्ती. जवळच्या डोळ्यावर नेम धरला. पण आई कशी बसली? पाठ ताठ, हात गुडघ्यावर, श्वास रोखून.

“अगं, हल की जरा.”

“हलायचे नसते,” ती म्हणाली. १९६७ साली दाखवायच्या फोटोसाठी तिला एका स्टुडिओत नेले होते. पाठीमागे रंगवलेल्या राजवाड्याचा पडदा; फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालून होता, आणि मग बाहेर येऊन म्हणाला, जरा इकडे बघा. तो फोटो आमच्या आजोबांकडे आला आणि पसंत पडला. “तो फोटो पसंत पडावा म्हणून काढला,” आई म्हणाली, “आणि हा आता कोणी नापसंत करणार नाही म्हणून.” हे सांगताना ती हसली. कॅमेरा स्टँडवर होता. बटण माझ्या हातात होते आणि मला ते दाबवेना.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रामागून चित्र काढून टिपली. त्या माणसाच्या चिकाटीचे मला त्या सकाळी फार नवल वाटले. रोप निदान “झाले का रे?” असे विचारत नाही. तासाभरात एक्केचाळीस फोटो झाले. मध्येच स्वयंपाकघरातून कसलासा वास आला, आणि आई मान वळवून “अगं, दूध!” म्हणून ओरडली. तेवढ्यात बोट दाबले गेले.

संध्याकाळी तिने एक्केचाळीसही फोटो पाहिले. हसऱ्यांत दात दिसतात म्हणून ते बाद झाले. गंभीर होते ते तिने भराभर पुढे ढकलले. “बसवलेली गौर दिसते आहे नुसती.” दुधाच्या फोटोपाशी थांबली. मान वळलेली, भुवया वर गेलेल्या, ओठ अर्धे उघडे; कानामागची बट सुटलेली आणि खिडकीच्या उजेडात ती बट आणि गालाची कड तेवढी उजळलेली. “हा ठेव,” ती म्हणाली. “दूध मात्र गेलेच.”

सातव्या रविवारी कॉम्प्युटरवर फोटोतले नको ते पुसून टाकायची विद्या शिकलो. विजेची तार, भिंतीवरचा डाग, मागून डोकावणारा पाहुणा, दोन मिनिटांत नाहीसे होते. घरी येऊन मी वडिलांचा फोटो चौकटीतून काढला, कॉम्प्युटरवर चढवला, निळे आभाळ पुसून साधी करडी पार्श्वभूमी केली. छान दिसू लागले. आई मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळले नाही. कोपऱ्याकडे बाण नेला तेव्हा ती म्हणाली, “तो खांदा काढू नकोस. माझा आहे.”

मरून काठाची ती इरकल अजून तिच्या कपाटात आहे. काठ जरासा विरला आहे. त्या मुंजीत ती त्यांच्या शेजारी बसली होती. चौदा वर्षे रोज सकाळी त्या फोटोसमोर उदबत्ती लावताना तिला हे ठाऊक होते. आम्हाला कोणाला नव्हते.

नवी चौकट झाली. आभाळ गेले, खांदा आहे. हार थोडा वर सरकवून बांधला आहे.

शेवटच्या रविवारी वर्गाचे छोटेसे प्रदर्शन होते. प्रत्येकाने आपला एक फोटो भिंतीवर लावायचा. सरांना आईचा फोटो मनापासून आवडला होता, आणि त्यांनीच तो मागितला. मी घरी येऊन आईला विचारले.

“नको,” ती म्हणाली. “भिंतीवर जायची मला एवढी घाई नाही.”

मग मी कोथिंबिरीच्या आजीबाईंचा फोटो दिला. बँकवाल्यांच्या चिरंजिवांच्या विमानाशेजारी त्याला जागा मिळाली. आईचा फोटो कपाटात साड्यांखाली पाकिटात आहे. मधूनमधून ती तो काढून बघते, असे ही सांगते.