पुढून येणारा आवाज

आमची मोटारसायकल बोलायला लागली तेव्हा ती १७ वर्षांची होती. या वयात पोरं उलटून बोलतात हे मी ऐकून होतो, घरी पाहतही होतो. पण गाडीनंही तोच मुहूर्त साधावा याचं नवल वाटलं. बोलायची ती पुढच्या अंगानं. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत जो लोखंडी संसार असतो, त्यात कुठंतरी ‘टक्’ व्हायचं. मग गप्प. मग पुन्हा ‘टक्’. सोबतीला एक बारीक ‘कुई कुई’.

मी बँकेतला कारकून. बी. कॉम. यंत्राशी माझा संबंध स्टेपलरपुरता. तरी चूक हुडकणं हा आमचा धंदाच आहे. कॅश जुळत नसली आणि फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला, की कुणीतरी आकडे उलटे लिहिल्याचा संशय घ्यावा, ४५०० च्या जागी ५४००, हे कॉलेजात शिकलेलं अजून कामाला येतं. म्हटलं, आवाजालाही असा एखादा नियम असेलच. पण आवाजाला ९ नं भागायचं कसं?

मग चारचौघांना विचारलं. गाडीचा आवाज आणि पोटदुखी या दोन विषयांत आपल्याकडं अडाणी माणूस सापडत नाही. आमचे हेड कॅशियर म्हणाले, “वंगण संपलंय. माझ्या गुडघ्यात अस्साच आवाज येतो.” मॅनेजरसाहेबांनी नव्या गाडीच्या कर्जाचा फॉर्म पुढं सरकवला. शिपाई म्हणाला, “साहेब, आवाज येतोय म्हणजे गाडी चालू आहे. काळजी कशाला?”

प्रत्येकाचा पहिला प्रश्न मात्र एकच असे : “कसा येतो आवाज?” मग मी तो काढून दाखवायचा. सरावानं मला तो इतका साधला, की एकदा काउंटरवरच हेड कॅशियरांना ‘टक्... कुई कुई... टक्’ करून दाखवत होतो, तर पासबुक घेऊन उभे असलेले एक पेन्शनर आजोबा म्हणाले, “राहू द्या, राहू द्या. बरं वाटल्यावर भरा एंट्री.”

खरं म्हणजे सौ.नं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती शाळेत शिक्षिका. रोज सकाळी तिला शाळेत सोडून मी बँकेत जातो. मागून ती म्हणाली, “अहो, ब्रेक मारला की टक् वाजतंय.” यावर मी म्हणालो, “तू मागं बसलीस की वाजतंय. एकटा असलो की एवढं वाजत नाही.”

वाक्य खरं होतं. पण खरं वाक्य आणि बोलायचं वाक्य यांत फरक असतो, आणि तो ९ नं भागून कळत नाही. दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं गेली. “रिक्षा बरी पडते,” एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही रिक्षा बरी पडली. असे दीड महिना.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? बिघडलं असं, की आमचा संसार त्या पंधरा मिनिटांत चालतो. घरात टीव्ही बोलतो, चिरंजीव फोनवर बोलतात, आम्ही दोघं फक्त “मीठ दे” आणि “गॅस बंद केला का” एवढंच बोलतो. पाकिटात किती घालायचे, पोराला कुठल्या शाखेला घालायचं, हे सगळे ठराव गाडीवर पास होतात. दीड महिना एकही ठराव झाला नाही. मी रिकामी सीट घेऊन टक् टक् करत बँकेत जात होतो.

मी राहतो मिरजेत. हे सतारी-तंबोऱ्यांचं गाव. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात बेसूर गाडी फिरवायची म्हणजे लाजच. आमच्या गल्लीतले चाचा तंबोरे करतात. जवारी काढता काढता त्यांनी माझी गाडी ऐकली नि म्हणाले, “वाजतंय एकीकडं, घुमतंय दुसरीकडं. तार घोडीवर वाजते, लोकांना वाटतं भोपळा वाजतोय. एकेक तार धरून बघा.”

मी पहिली तार धरली ती मीटरच्या केबलची. ती चाकाजवळून सोडवली आणि एक चक्कर मारली. कुई कुई बंद! केबल आतून कोरडी पडली होती, एवढंच. तेल सोडलं, जोडली. मग मडगार्डचे बोल्ट आवळले, नंबरप्लेट आवळली, जे जे आवळण्यासारखं होतं ते ते आवळलं. टक् मात्र जागेवर.

शेवटी रविवारी गॅरेज गाठलं. बाजार त्याच रस्त्यावर, म्हणून सौ.ही पिशवी घेऊन आली, मागनं, चालत. मी गॅरेजवाल्यासमोर घसा साफ करून ‘टक्’ सुरू करणार, तोच तो म्हणाला, “सायेब, कसा येतोय ते नगा सांगू. कवा येतोय ते सांगा.”

मी गप्प. दीड महिन्यात हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मागून सौ. म्हणाली, “ब्रेक मारला की एकदा. खड्ड्यातही येतो. गुळगुळीत रस्त्यावर नुसतं जाताना नाही.”

“वैनींनी निम्मं काम केलं,” म्हणत त्यानं पुढचा ब्रेक दाबून धरला, गाडी मागं-पुढं हलवली आणि माझं बोट हँडलच्या खालच्या सांध्यावर ठेवायला लावलं. टक्! बोटातच. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, पोराला मागं दाबायला सांगून पुढचं चाक उचललं, शॉकॲब्सॉर्बरचे दोन्ही पाय खालून धरून मागं-पुढं ढकलले. ते हलत्या दातासारखे हलले. हँडल सावकाश फिरवलं, तर बरोबर सरळ रेषेत ते अडकायचं.

“कोनसेट गेलाय. एकाच जागी दणकं बसून गोळ्यांनी वाटीत खड्डं पाडल्यात.”

“तसंच चालवलं असतं तर?”

“हँडल डुलाय लागलं असतं. तवा मागं वैनी बसल्या असत्या.”

हे तो सहज म्हणाला. मला मात्र गॅरेजातलं स्टूल ओढून बसावं लागलं.

तरी पुरुषाची जात. हळूच विचारलं, “पण वजनानं आवाज वाढतो, हे खरं ना?”

“दोन माणसं असली की ब्रेक जोरात दाबावा लागतोय, मग टक् मोठा. वजनानं आवाज दावला सायेब, केला न्हाई.”

सौ. पिशवीतली मेथी निरखून पाहत होती.

सोमवारी ती गाडीवर बसली. ब्रेक मारला, टक् नाही. खड्डा आला, टक् नाही. पाकिटात किती घालायचे याचा ठराव शाळेच्या अलीकडंच पास झाला. तेवढ्यात ती म्हणाली, “अहो, काहीतरी खुळखुळतंय.”

‘तू बसलीस की’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी विचारलं, “कधी?”

तिनं जरा वेळ कान दिला. “खड्ड्यातच. माझ्या डब्यातला चमचा आहे.”

हेड कॅशियरांना हे अजून सांगितलेलं नाही. चमच्याला वंगण घाला म्हणतील.