डबा आणि दोर

आमच्या अमरावतीहून समुद्र गाठायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. वऱ्हाडातल्या माणसाने समुद्रात बुडी मारण्याबद्दल लिहावं म्हणजे जरा अतीच! पण विषय नातीमुळे घरात शिरला.

ती पुण्याला नोकरी करते. तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून आली. गेल्या हिवाळ्यात मालवणकडे ती आणि तिची जोडीदारीण पाण्याखाली असताना प्रवाहाने दोघींना बाजूला नेलं. वर आल्या तर होडी लांब, आणि उन्हाची तिरीप नेमकी होडीवाल्याच्या डोळ्यांवर. पंधरा-वीस मिनिटं दोघी हात हलवत होत्या. "आबा, लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं," हे तिने हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही.

त्याला कारण आहे. १९६३ साली मी अकरा वर्षांचा होतो. अंजनगावकडे पानमळ्याच्या विहिरीत आम्ही पोट्टे पोहायला शिकायचो. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावर काकांच्या हातात. "दोर ढिला पडू देऊ नोका रे बाप्पा!" हे त्यांचं एकच सांगणं. माझा चुलतभाऊ एका दुपारी कोणाला न सांगता एकटाच गेला. आम्ही पोचलो तेव्हा डबा पाण्यावर शांत तरंगत होता. दोर त्यालाच अडकलेला, सैल.

तेव्हापासून मी घरातल्या कोणत्याच पोराला विहिरीवर जाऊ दिलं नाही. नातीलाही "पुरे झालं आता" म्हणणार होतो. पण सव्वीस वर्षांच्या पोरीला मी कोण थांबवणार? मग दिवाळीत म्हटलं, तुझा तो डबा तरी मी घेऊन देतो.

त्यांच्या डब्याला मार्कर बॉय म्हणतात. नारिंगी कापडाची लांबट नळी, फुगवली की माणसाच्या उंचीची. आम्ही दोघांनी बसून निवडली. खालून उघडी असलेली स्वस्त मिळते, पण ती वर जाऊन आडवी झाली की हवा निघून जाते. म्हणून तोंड बंद असलेली घेतली, जास्तीची हवा आपोआप सोडणाऱ्या झडपेची. ही झडप महत्त्वाची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे नळी अर्धी भरली तरी वर येईतो ती पूर्ण फुगते, आणि काठोकाठ भरून सोडली तर फाटायची भीती! (मी मराठीचा मास्तर; हे गणित तिने मला दोनदा समजावलं.)

दोरासाठी मला मूठ आणि कळ असलेलं रीळ आवडलं होतं, पतंगाच्या चक्रीसारखं. ती म्हणाली, नको, ते अडकतं. साधी बोटांत फिरणारी फिरकी घेतली, तीस मीटर दोराची.

गच्चीवर तिने करून दाखवलं. आधी जोडीदाराला खूण, मग वर बघायचं, डोक्यावर होडी नाही ना. थोडी हवा भरायची, हात लांब धरायचा आणि सोडायचं. फिरकी बोटांत गरगर फिरू द्यायची. पुढे दोर ताठ ठेवून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि गुंडाळत गुंडाळत वर यायचं.

मी विचारलं, "फिरकी कमरेला बांधून टाकत जा ना, हातातून सुटणार नाही."

"नाही आबा. ती कधीच अंगाला अडकवायची नाही. दोर गुंतला तर फुगा मला ओढून वर नेईल, आणि एकदम वर येणं फुप्फुसांना घातक. अडकली की सोडून द्यायची. नळी दुसरी मिळते."

मी कठड्यापाशी जरा वेळ उभा राहिलो. साठ वर्षं मी दोर घट्ट धरण्याचाच विचार करत आलो होतो!

असो. नळीवर नाव लिहितात, कोण वर येतंय ते होडीवाल्याला कळावं म्हणून. अक्षर माझं अजून बरं आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाण्यात न पुसणारी शाई आणली आणि जेवणाच्या टेबलावर नळी पसरली. "आबा, अजून मोठं लिहा, लांबून दिसलं पाहिजे." हात जरा थरथरतो आताशा. शिरोरेखा शेवटी खाली उतरली आहे, पण वाचता येतं.