बाबांनी ओढलेली तार

बाबा मे महिन्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर उत्रेख्तला आले, तेव्हा आमच्या घरच्या इंटरनेटची कीर्ती त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली होती. दर रविवारी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला की थोड्या वेळात माझा चेहरा गोठायचा आणि बाबा म्हणायचे, "राहू दे गं, लाइनवर लोड आलाय." चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन म्हणून काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

आई गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिला उन्हाळा. पहिले चार दिवस कालवे आणि सायकली बघण्यात गेले. पाचव्या दिवशी ते सोफ्यावर, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या हातांना आमच्या घरात काही कामच नव्हतं.

"मीटर कुठंय तुमचा?" त्यांनी अचानक विचारलं.

इथे राहणाऱ्यांना मीटरकास्ट सांगायला नको. दाराशेजारचं ते अरुंद कपाट. वीज, पाणी आणि फायबर तिथूनच घरात शिरतं. आमचा मोडेमही त्यातच. आमची कामाची खोली मात्र माळ्यावर, काँक्रीटच्या दोन स्लॅबच्या वर. बाबांनी कपाट उघडून पाहिलं. "सळ्या घातलेल्या दोन स्लॅबखाली कोंडलंय त्याला, आणि वर रेंज येत नाही म्हणता?"

मी म्हटलं, घर भाड्याचं, माझं पोस्टडॉकचं कंत्राट दोन वर्षांचं, कशाला भिंती फोडायच्या? मग माहिती पुरवली, की वायफायचं माहेर इथून सायकलवर जाता येईल इतकं जवळ आहे. शेजारच्या न्यूवेखाइनमध्ये एनसीआर कंपनीचे इंजिनिअर १९८०च्या दशकाच्या अखेरीस दुकानांतल्या गल्ला-यंत्रांसाठी बिनतारी जोडणी शोधत होते. दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी तारा नव्याने टाकाव्या लागत, ते टाळायचं होतं. त्यांच्यातलेच व्हिक हेज १९९०पासून दहा वर्षं वायफायचं मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. पहिलं मानक १९९७ साली आलं. वेग जास्तीत जास्त सेकंदाला २ मेगाबिट.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे ज्याची जागा पक्की नाही त्याला बिनतारी. तुमचं टेबल काय रोज हलतं?"

टेबल हलत नव्हतं. हलणार होते मी. पण ते बोलले नाही.

माळ्यावरच्या भिंतीत एक कोरं झाकण होतं. आम्ही त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. बाबांनी ते उघडलं, तर मागे रिकामा पाइप. इथली घरं बांधताना पुढची सोय म्हणून असे पाइप सोडून ठेवतात. आमचा थेट मीटरकास्टमध्ये उतरत होता. भिंत फोडायची नव्हती, त्यामुळे घरमालकही लगेच हो म्हणाले. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानातून तीस मीटर केबल आणि तार ओढायची स्प्रिंग आणली. बाबा वरून ओढत होते, मी खालून केबल सोडत होते. मध्ये अडकली की ते ओरडायचे, "जोर लावू नको, थोडी मागे घे!" पाइपात कनेक्टर मावत नाही, म्हणून तो नंतर बसवायचा. आठ तारांचा क्रम त्यांनी पाढ्यासारखा पाठ केला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच.

पुढचा घोळ माझा. जुना राउटर वर जोडला आणि इंटरनेट सुरू झालं, पण खालच्या लॅपटॉपला वरचा प्रिंटर दिसेना. दोन्ही डबे आपापल्या परीनं पत्ते वाटत होते. एका घरात दोन नेटवर्क झाली होती. बाबांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "एका घराला सप्लाय एकाच जागेवरून द्यावा." मी वरच्या डब्याचं पत्ते वाटणं बंद केलं, केबल त्याच्या इंटरनेटच्या खाचेतून काढून साध्या खाचेत लावली, दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. मोठा कॉम्प्युटर आणि प्रिंटर तारेवर, फोन आणि लॅपटॉप बिनतारी. बाबा काकांशी व्हिडिओवर बोलत तळापासून माळ्यापर्यंत चढून गेले. कॉल तुटला नाही.

ऑगस्टमध्ये ते परतले. आता रविवारी चेहरे गोठत नाहीत. चित्र इतकं स्वच्छ येतं, की त्यांच्या मागे ओट्यावर पालथं घातलेलं एकच ताट आणि एकच वाटी दिसते. पूर्वी ते दिसायचं नाही.

परवा त्यांनी विचारलं, "कंत्राट वाढलं का?"

"अजून नाही कळलं. नाही वाढलं तर घर सोडावं लागेल, बाबा. तार भिंतीतच राहील."

"राहू दे की. पुढच्या भाडेकरूला होईल," ते म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्याच घरांपर्यंत तारा ओढल्या होत्या.

मी दिवाळीचं मिरजेचं तिकीट काढलं आहे.