अमीनभाई, आमचं मत कुठं मोजलंत?

प्रिय अमीन सयानी, आमचे अमीनभाई,

तुम्ही गेलात त्या दिवशी, २० फेब्रुवारी २०२४ ला, टीव्हीवर सारखं तुमचं ‘बहनो और भाइयो’ चाललं होतं. बहिणी आधी! लग्नपत्रिकेत, पंगतीत आम्ही कायम मागं. बुधवारी रात्री आठला, रेडिओवर तुमच्या बिनाका गीतमालेत, तेवढा मान मिळायचा.

आमच्या गावी, सावनेरला, रेडिओ सिलोन लावणं म्हणजे कसरत. भाऊ स्टुलावर उभा राहून एरियलची तांब्याची जाळी धरायचा, मी काटा केसभर सरकवायची, आणि नेमकं तुम्ही गाण्याचं पायदान सांगताना खरखर! नंबर कितवा ते दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं. मुंबईत बोललात, टेप विमानानं कोलंबोला गेली, तिथून तुमचा आवाज आमच्या सैपाकघरात. केवढा हा वळसा! आणि तो कुणामुळं? आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नकोत म्हणणाऱ्या केसकर मंत्र्यांमुळं. माणूस आपला मराठीच हो. पण त्यांनी दार लावलं नसतं, तर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला निघाली असती का?

त्याच आकाशवाणीनं तुमच्या हिंदीत गुजराती आणि इंग्रजी डोकावतं म्हणून तुम्हाला नापास केलं होतं ना? बरं झालं. तुमच्या आई कुलसूमबाई ‘रहबर’मधून साधी हिंदुस्तानी लिहायच्या, तीच तुमच्या तोंडी आली, आणि चौथी शिकलेल्या माझ्या आईलाही ती कळली. झेवियर्समधला पोरगा, आठवड्याला २५ रुपये, आणि पहिल्याच कार्यक्रमाला ९००० पत्रं! ती उघडताना बोटं दुखली असतील.

पण माझं एक भांडण आहे. पायदान ठरायचं रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर. आमच्याकडं रेकॉर्ड घेतं कोण? संत्र्याच्या हंगामात चार पैसे आले तर ते बियाण्याला, नाहीतर पोरीच्या लग्नाला. संघाबिंघात आम्ही नव्हतो. मग आमची आवड तुमच्या यादीत शिरणार कुठून? १९६६ ला ‘सूरज’ सिनेमाचं गाणं पहिलं. ‘तीसरी कसम’ त्याच वर्षीचा, अमीनभाई! बैलगाडीतली ती गाणी आमच्या घरी महिनोन्‌महिने पहिली होती. संगीत दोन्हीकडं शंकर-जयकिशनचंच, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. अडलं आमचं.

आई तर रेडिओशीच वाद घालायची. तुम्ही पहिला नंबर जाहीर केलात, की ती पोळी उलथत म्हणायची, ‘याले काही समजते का?’ आणि पुढच्या बुधवारी पावणेआठलाच भावाला स्टुलावर चढवायची.

तुमची,
सावनेरची एक बहन