नकाशात नसलेला प्रांत

पूर्व बंगाल या नावाचा प्रांत आज जगाच्या कोणत्याही नकाशात सापडत नाही. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि तो भाग पाकिस्तानात गेला. १९५५ साली त्याचे नाव पूर्व पाकिस्तान असे झाले आणि १९७१ साली तेथेच बांगलादेश हे स्वतंत्र राष्ट्र उदयास आले. नकाशे बदलले, टपालाचे पत्ते बदलले. परंतु कोलकात्यात फुटबॉलचा सामना रंगला, की हजारो कंठांतून त्या प्रांताचे नाव आजही घुमते. ‘ईस्ट बंगाल’ हा तेथील एक नामांकित फुटबॉल संघ आहे. लाल-सोनेरी पोशाखातील अकरा खेळाडूंनी ते नाव जिवंत ठेवले आहे. किंवा त्यांच्या पाठीराख्यांनी ते जिवंत ठेवले आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

या संघाचा जन्म रागातून झाला. १९२० साली कोलकात्यात जोडाबागान आणि मोहन बागान या दोन संघांचा सामना व्हावयाचा होता. ऐन वेळी जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला वगळले. संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवण्याचा आग्रह धरला, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. चौधुरी पूर्व बंगालचे. ते तडक बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी आपल्या प्रांताच्या नावाने नवा संघ उभा केला. एका खेळाडूच्या मानापमानातून निघालेल्या या संघाला पुढे केवढे ओझे वाहावे लागणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार!

मोहन बागानची कीर्ती तेव्हा शिखरावर होती. १८८९ साली स्थापन झालेल्या या संघाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली होती. त्या अकरा जणांपैकी एकाच्याच पायांत बूट होते. बाकीचे दहा जण अनवाणी खेळले. ज्या काळी गोऱ्या साहेबापुढे मान वर करणेही कठीण होते, त्या काळी हा विजय म्हणजे केवळ खेळातला विजय नव्हता. मोहन बागानच्या भक्तांना ही कथा वाडवडिलांच्या ठेव्यासारखी वाटते, ती उगाच नव्हे.

ईस्ट बंगालच्या भक्तांपाशी असा ठेवा नव्हता. त्यांच्यापाशी होते ते दुःख.

फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. सियालदह स्थानकाच्या फलाटावर संसार मांडून कित्येक कुटुंबांनी दिवस काढले. पुढे शहराच्या कडेला, मोकळ्या जागेत, बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तिकडे घर होते, घरामागे तळे होते, सुपारीची झाडे होती, जवळून पद्मा नदी वाहत होती. इकडे काहीच नव्हते. त्यांच्या बोलण्यातील वेगळे हेल ऐकून शहरातले जुने रहिवासी हसत आणि त्यांना ‘बांगाल’ म्हणून हिणवीत. ज्याला स्वतःचे दार नाही, त्याला कोणीही बाहेरचा म्हणू शकतो.

अशा माणसाने फुटबॉलच्या मैदानाकडे का वळावे? पोटाची भ्रांत असताना खेळ पाहण्यात वेळ घालवणे हा शहाणपणा नव्हे, असे कोणी म्हणेल. हिशेबाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण त्या मैदानावर त्याच्या हरवलेल्या प्रांताचे नाव उच्चारले जात होते, आणि तेही तुच्छतेने नव्हे, तर जयघोषात. आठवडाभर ज्या नावापायी मान खाली घालावी लागे, तेच नाव तेथे छाती पुढे काढून घेता येत होते. शेजारी उभा असलेला अनोळखी गृहस्थ ढाक्याचा निघे, मागचा बारिसालचा निघे. गोल झाला की तिघेही एकमेकांच्या गळ्यात पडत. विखुरलेला गाव दीड तासापुरता पुन्हा भरत असे.

आणि संघ खरोखरच जिंकत होता! १९४९, १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ तीन वर्षे ईस्ट बंगालने शील्ड जिंकली. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे त्या वेळचे त्याचे आघाडीचे पाच खेळाडू. लोक त्यांना कौतुकाने ‘पंचपांडव’ म्हणत. गंमत अशी, की हे पाचही जण दक्षिणेकडले. त्यांच्यात बंगाली एकही नव्हता. तरीही निर्वासितांनी त्यांना आपल्या घरचे मानले. जन्माचा दाखला कोणी मागितला नाही. लाल-सोनेरी सदरा अंगात घातला, की झाला तो पूर्व बंगालचा. पुढे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागानला ४-१ असे नमवताना ज्याने तीन गोल केले, तो बायचुंग भुतिया सिक्कीमचा. त्या दिवशी सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक हजर होते.

या चुरशीने स्वयंपाकघरही सोडलेले नाही. ईस्ट बंगाल जिंकला की त्याच्या भक्तांच्या घरी हिलसा मासा शिजतो. मोहन बागान जिंकला की त्याच्या भक्तांकडे कोळंबीचा बेत ठरतो. मासळी विकणाऱ्यांना मात्र दोन्ही संघ सारखेच प्रिय असावेत.

ही निष्ठा सदैव अशी लोभस राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा सामना चालू असता प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण प्राणास मुकले. सकाळी घरून निघालेली सोळा माणसे खेळ पाहून परतलीच नाहीत. आपला संघ प्रिय असणे वेगळे आणि दुसऱ्याचा संघ असह्य होणे वेगळे. त्या दिवशी लोकांना हा भेद उरला नाही. त्यांच्या स्मरणार्थ त्या तारखेला कोलकात्यात रक्तदान केले जाते. तेथे रक्त देणाऱ्याला त्याचा संघ कोणता, हे विचारण्याचे कारण नसते.

आता निर्वासितांची तिसरी-चौथी पिढी मोठी झाली आहे. झोपड्यांच्या जागी पक्की घरे आली. या मुलांनी पद्मा पाहिलेली नाही, आजोबांचे हेलही त्यांच्या बोलण्यात फारसे उरलेले नाहीत. मग त्यांनी हा संघ का धरून ठेवावा? संघाने त्यांना सुखही फारसे दिले नाही. इंडियन सुपर लीगमध्ये ईस्ट बंगाल २०२० साली दाखल झाला. पहिल्या चार मोसमांत त्याचा क्रमांक नववा, अकरावा, नववा आणि पुन्हा नववा असा लागला. अकरावा म्हणजे त्या वर्षी अगदी शेवटचा! त्या स्पर्धेत मोहन बागानशी झालेले पहिले सहाही सामने त्याने गमावले. दुसरा संघ निवडण्यास कोणाची आडकाठी नव्हती. पण वडिलांचे बोट धरून जो प्रथम मैदानावर गेला, आणि ज्याचे वडील त्यांच्या वडिलांचे बोट धरून गेले होते, त्याच्या मनात संघ आणि घर या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नाहीत. छप्पर गळते म्हणून कोणी शेजाऱ्याच्या घराला आपले घर म्हणू लागत नाही.

१२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरंड चषकात नंदकुमारच्या एकमेव गोलाच्या बळावर ईस्ट बंगालने मोहन बागानला हरवले. जवळजवळ साडेचार वर्षांनी हा दिवस उगवला होता. म्हातारी माणसे रडली, तरुण नाचले. बरोबर बावीस दिवसांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. मोहन बागानचा एक खेळाडू बाहेर काढला गेला होता. तरी दहा जणांनिशी खेळून त्याने एक गोल केला आणि चषक नेला. कोळंबीचा बेत पलीकडच्या घरी ठरला. अलीकडच्या घरी लाल-सोनेरी निशाण घडी घालून कपाटात ठेवले गेले, पुढच्या सामन्याच्या दिवशी हाताशी असावे म्हणून अगदी वरच्या कप्प्यात.